पाचोळीला जीभ नसते

चादरीवर चहाचा डाग होता.

भूल उतरल्यावर इस्त्रीबाईला पहिल्यांदा दिसला तो हा डाग. नाकात नळी होती, गळ्याला पट्ट्या होत्या, तोंडात कुणी ओलं फडकं कोंबून ठेवावं तसं जड झालं होतं. पण बाईची नजर गेली ती पोटावरच्या चादरीकडे. बशीएवढा, फिकट डाग. आधी थंड पाण्यात भिजवायचा आळस करून कुणीतरी चादर तशीच उकळत्या पाण्यात ढकलली होती, म्हणून आता तो जन्माला चिकटला. आणि चादर आली होती तिच्याच धुलाईघरातून! बाई चार दिवस नाही म्हटल्यावर लावले दिवे पोरींनी.

तिने तोंड उघडलं. 'कोण होती गं या पाळीला?' असं विचारायचं होतं. बाहेर आला तो कोरड्या नळातून हवा यावी तसला आवाज, आणि मागोमाग हनुवटीवरून लाळेची धार. ती धार नेमकी त्या डागावर. नर्स लगबगीने आली, तान्ह्या पोराला बांधतात तसलं लाळेरं तिने बाईच्या गळ्यात बांधलं आणि म्हणाली, "असू दे हं आजी, होतं असं."

आजी! आणि लाळेरं!

बाईने डोळे मिटले, आणि त्याबरोबर तोंडही.

हॉस्पिटलच्या धुलाईघराची ती मुकादमीण. वॉर्डावॉर्डातल्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले सगळे तिच्या नजरेखालून जायचे. शाळेचा उंबरा तिने चढला तसाच उतरला होता, पण डाग रक्ताचा की औषधाचा हे ती लांबून सांगायची. हाताखालच्या पोरींनीच तिला इस्त्री हे नाव ठेवलं. तिची चप्पल जिन्यात वाजली की कुणीतरी हळूच म्हणायचं, "इस्त्री आली, सरळ व्हा!" बाईला हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. नवरा लवकर गेला. एकट्या लेकाला तिने वाफेत आणि साबणात वाढवलं, आणि हे सगळं केलं ते जिभेच्या जोरावर. जिभेला हाड नसतं म्हणतात. हिच्या जिभेला नुसती धार होती. वॉर्डाचा मोठा डॉक्टर असो की कोळशाच्या गाडीवाला, एकदा सुनावलं की माणूस घरी जाऊन रात्रभर कूस बदलायचा.

त्याच जिभेच्या कडेला फोड आला. बाईने मिठाच्या पाण्याच्या चुळा भरल्या आणि फोडालाही शिव्या घातल्या. तो काही हलला नाही. शेवटी अर्धी जीभ कापावी लागली.

"उरलेल्या जिभेने गिळायला येतं, बोलायलाही येतं," डॉक्टर घरी सोडताना म्हणाले. "पण सराव पाहिजे. पुढच्या तपासणीला तुम्ही तोंडाने खात असाल, तर नळी काढून टाकू. नसाल, तर पोटाला भोक पाडून तिथे कायमची नळी बसवावी लागेल. बघा बुवा, आता तुमच्या हातात आहे."

बाईने ऐकलं आणि तोंड मिटलेलंच ठेवलं. गिळायला शिकवणारी बाई घरी आली, तिला भिंतीकडे तोंड करून पाठ दाखवली. सून वाटीत काहीबाही कुस्करून आणायची, ती वाटी तशीच परत जायची. मग सून मुकाट्याने पिचकारीने नळीतून पातळ अन्न घालायची. चारचौघांत लाळ गाळत खाण्यापेक्षा पोटाला भोक परवडलं, असं बाईच्या मनाने घेतलं होतं.

त्यात एक दिवस घडीवाली भेटायला आली. धुलाईघरात हिच्या खालोखाल तीच. बाईला ऐकूही येत नसावं तशी ती ओरडून बोलली, "तुम्ही आता आराम करा हं! तुमची खुर्ची सांभाळते मी!" बाईने पाहिलं, तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. बाईचाच. मुकादमीण बोलू शकत नसेल तर मुकादमीण कसली? वाफेच्या त्या गोंगाटात खुणांनी का पोरी हलतात?

लेक ट्रक चालवायचा, पंधरा पंधरा दिवस रस्त्यावर. सुनेची रजा संपली. नळीवाल्या सासूला घरी एकटं कसं ठेवायचं? सून म्हणाली, "आई, उद्यापासून माझ्याबरोबर कामावर चला. मागच्या खोलीत खुर्ची आहे."

सून मत्स्यालयात कामाला होती. काचेच्या टाक्या, आत मासे, कासवं, बेडूक. त्यांना खाऊ घालायचं, पाणी बघायचं. लग्न होऊन आल्यापासून बाईने तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. "ए" तरी म्हणायची, नाहीतर "माशांची आया". दिवसभर बेडकांचं करून आलेले हात माझ्या भांड्यांना लावू नको, हेही म्हणून झालं होतं. सून कधी उलटून बोलली नाही. बाईच्या मते त्या पोरीच्या तोंडात बोळा होता.

बाईने नळीवर रुमाल गुंडाळला, वरून शाल घेतली, फक्त डोळे उघडे ठेवले आणि निघाली.

टाक्यांच्या मागची खोली म्हणजे लांबट बोळ. वरून पाइप, खाली ओल, भिंतीशी झाकण नसलेल्या बादल्यांची रांग. एका बाजूला टाक्यांची मागची तोंडं, पलीकडे काचेतून लोकांची हलती रंगीत गर्दी. सुनेने खुर्ची पुसून दिली. "मी पुढे आहे, दिवसाचा खाऊ घालायचाय. आई, फक्त कशाला हात लावू नका."

हात लावू नको म्हटलं की बाईच्या हाताला खाज सुटायची. आणि समोर टाकी होती. अशी टाकी, की बघवेना. पाणी काळ्या चहासारखं, तळाशी कुजका पाचोळा, काचेवर हिरवट बुळबुळ. सगळ्या जगाला दिसतील अशी ही घाण मांडून ठेवलेली, आणि आत जिवंत म्हणावं असं काहीच नाही! बाईला त्या चादरीवरचा डाग आठवला. बोलता येत नव्हतं, पण हात कुठे कापले होते?

बाकीच्या बायका पिशवीत आरसा ठेवतात, ही डबीत साबणाची वडी ठेवायची. तिने बाह्या सारल्या. जाळी घेतली, पाचोळा उपसून कोरड्या बादलीत टाकला. एक पंजाएवढं, चपटं, कुजून करडं झालेलं पान जरा जड लागलं, तेही टाकलं. खालची तोटी सोडून पाणी अर्ध्यावर आणलं आणि काच आतून साबणाने अशी घासली, की पलीकडच्या माणसाच्या शर्टाच्या गुंड्या मोजता याव्यात. कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटलं.

तेवढ्यात बादलीत सळसळ झाली.

बाईने वाकून पाहिलं. त्या मोठ्या करड्या पानाला हात फुटले होते. मग पाय. त्रिकोणी डोक्यावर मोहरीएवढे दोन डोळे. ते पान पालथं होत, धडपडत, कडेला आपटत होतं. आणि त्याची पाठ बघून बाईने हातातली जाळी टाकली. पाठभर खळगे, मधाच्या पोळ्यासारखे, आणि खळग्याखळग्यात काहीतरी भरलेलं. आपल्या जाळीने याची कातडी सोलली, असंच तिला वाटलं.

परत टाकावं कुठे? टाकीत साबण. नळाचं पाणी नको, हे सून कुणाला तरी म्हणताना तिने ऐकलं होतं. बादल्या रांगेने उभ्या, पण त्यातली कुठली चालते आणि कुठली मारते, ही काय डागाची पारख होती? तिने साबणाची डबी टाकीवर आपटली. काचेतून सून दिसत होती, पलीकडच्या टोकाला, शिडीवर, पाठमोरी. मधे गर्दी आणि कलकलाट. ती डबी कुणाला ऐकू जाणार होती?

बाईने दार ढकललं आणि ती तशीच पुढच्या दालनात गेली. शाल आतच राहिली होती. रुमाल सुटून खांद्यावर आला होता. नाकात नळी, गळ्यावर शिवण, हाताला फेस, आणि भोवती परकी माणसं थबकून बघतायत. बाईने पाय रोवले, पोटातून हवा ओढली आणि उरल्यासुरल्या जिभेने हाक मारली.

"पोई!"

कुणाला काही कळलं नाही. शिडीवरची सून मात्र वळली.

"पोई!" बाई पुन्हा ओरडली. लाळ हनुवटीवरून गळ्यापर्यंत आली, ती पुसायचंही तिला सुचलं नाही.

सून धावत आली. बादलीत एकदा बघितलं, दोन्ही हातांची ओंजळ करून त्या जिवाला उचललं आणि रांगेतल्या तिसऱ्या बादलीत अलगद सोडलं. तो पान होऊन तळाशी बसला. सुनेने श्वास सोडला, टाकीकडे पाहिलं, लखलखणारी काच पाहिली, आणि मग जे कधी झालं नव्हतं ते झालं.

"आई, हे काय करून ठेवलंत? हात लावू नका म्हटलं होतं ना? मी तुमच्या धुलाईघरात येऊन चादरींवर चिखल ओतला असता तर चाललं असतं? हा डाग नाही हो! पाचोळा भिजवून भिजवून महिनाभर हे पाणी जमवलंय मी, या बेडकीला असंच लागतं. आणि तिच्या पाठीवर अंडी आहेत, अंडी! कधीपासून वाट बघतेय मी. तुम्हाला काय, दिसलं की घास! जिथे तिथे मेलं नाक खुपसायची ही…"

ती एकदम थांबली. सासूच्या नाकातल्या नळीकडे तिचं लक्ष गेलं आणि तिने जीभ चावली.

बाईचे खांदे हलायला लागले.

"आई? रडताय?"

बाईने मान हलवली. ती हसत होती. घशातून नुसतं ह-ह-ह येत होतं, डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हसत होती. इतकी वर्षं घरात वावरणारी ही मुकी बाहुली! हिच्या तोंडात जीभ होती तर. आणि चांगली परजलेली!

सुनेलाही हसू फुटलं. मग हळूच म्हणाली, "मघाशी पोरी म्हणालात ना मला?"

बाईने दुसरीकडे बघितलं आणि हाताचा फेस निपटायला लागली.

त्या दिवसापासून बाईची खुर्ची त्या टाकीसमोर. टाकी धुऊन, बादल्यांत साठवलेलं मुरलेलं पाणी आणि पाचोळा घालून सुनेने बेडकीला आत सोडलं होतं. सून तिला पाचोळी म्हणायची. लांबच्या कुठल्या संथ नद्यांमधली जात. अंडी घालायच्या वेळी नर-मादी पाण्यात कोलांट्या मारतात, अंडी मादीच्या पाठीवर चिकटतात, मग पाठीची कातडीच फुगून अंड्यांना पोटात घेते. वर झाकण. आत पिल्लं महिनोन्‌महिने वाढतात.

"पाठीवर घर घेऊन बसलीय," सून म्हणाली. "जगलीत की नाही ते आताच सांगता येणार नाही. बघायचं."

बाई बघत बसली. पाचोळीसुद्धा बसायची. नुसती पडून असायची, श्वास घ्यायला तेवढी वर जायची आणि पुन्हा तळाशी. याला म्हणतात संसार, असं बाईच्या मनात आलं.

दुपारी सुनेने गांडूळ सोडलं, तेव्हा बाईने खुर्ची पुढे ओढली. पाचोळीचे पुढचे हात लांब पसरलेले, बोटाच्या प्रत्येक टोकाला बारीकशी चांदणी. त्या चांदण्यांनी ती पाणी चाचपत होती. गांडूळ बोटाला लागलं मात्र, तिने तोंड उघडलं, पाण्यासकट आत ओढलं आणि राहिलेलं दोन्ही हातांनी तोंडात कोंबलं. अर्धं बाहेर आलं. पुन्हा कोंबलं. कडेने गाळ सांडला, ढग उठला.

"जीभच नाही तिला," सून म्हणाली. "जन्मापासून नाही. दातही नाहीत. सगळं हातावर आणि घोटावर." मग ती बाईकडे न बघता काचेशी वाकली. "खा गं पाचोळे. सांडलं तर सांडलं, लाज कसली? काही काही लोक असतात, हटून बसतात, पोटाला भोक पाडून घेतात. तू नाहीस बाई तसली."

लेकी बोले सुने लागे, ही म्हण बाईने आयुष्यभर वापरली होती. आज बेडकी बोले सासू लागे! पूर्वी जिने वाफेचं यंत्रही बंद पडायचं, तशी नजर बाईने सुनेला दिली. सून तोवर बादली घेऊन निघून गेली होती. स्टुलावर मात्र एक वाटी विसरली होती. कुस्करलेलं केळं. विसरली कसली, लबाड!

बाईने पाचोळीकडे पाहिलं. पाचोळीच्या हनुवटीला गाळ लागला होता. हिला कुणी लाळेरं बांधलं नव्हतं.

बाईने बोटावर केळं घेतलं, तोंडाच्या चांगल्या बाजूला मागे लावलं, शिकवणाऱ्या बाईने भिंतीकडच्या पाठीला सांगितलं होतं तशी हनुवटी छातीशी नेली आणि गिळलं. ठसका लागला. डोळे पांढरे झाले. अर्धं मांडीवर पडलं. थोडं, अगदी थोडं, खाली उतरलं. गळ्यातून जाताना तिला ते कळलं. ते गोड असावं. नक्की कळलं नाही.

तिने पुन्हा बोट बुडवलं.

रोज वाटी विसरली जायची आणि रोज ती रिकामी सापडायची. गिळायला शिकवणारी बाई पुन्हा आली, तेव्हा तिला पाठीऐवजी तोंड दिसलं, आणि ती बिचारी दचकली. बोलणंही थोडं थोडं यायला लागलं. 'प', 'ब', 'म' धड यायचे. बाकीचे शब्द वाटेत ओले व्हायचे. शेजारच्या टाकीत पाचोळीचा नवरा होता. एके सकाळी तिथून टक्-टक् आवाज आला, कुणीतरी खडे आपटावेत तसा.

"गळ्यातली हाडं वाजवतो," सून म्हणाली. "बायकोला हाक मारतोय. जीभ नाही म्हणून काय झालं?"

बाई खूप वेळ कान देऊन बसली होती.

मग एक दिवस बाई खुर्चीत बसते न बसते, तोच पाचोळीच्या पाठीतून हात बाहेर आला. केसाएवढ्या बोटांचा हात. मागून डोकं. एक झाकण ढकलून एक पुरतं बेडकाचं पिल्लू, नखाएवढं, आईसारखंच चपटं, बाहेर निघालं आणि सरळ वर श्वास घ्यायला गेलं. "पोई!" बाई ओरडली, आणि सून हातातली जाळी टाकून आली. दिवसभर पिल्लं निघत राहिली. संध्याकाळी पाठ चाळणीसारखी झाली होती. पण काही झाकणं उघडलीच नाहीत. एका बाजूची. बाईने बोट काचेला लावून दाखवलं.

"दरवेळी काही जातातच, आई," सून म्हणाली. "साबणाचंच असेल असं नाही."

डाग आतल्या बाजूला घेऊन घडी कशी घालतात, हे बाईला कुणी शिकवायला नको होतं. तिने सुनेच्या पाठीवर हात ठेवला.

तपासणीला डॉक्टरांनी तिच्यासमोर वाटी ठेवली. बाईने चमचा बाजूला सारला आणि बोटांनी खाल्लं. थोडं सांडलं. डॉक्टर हसले, तिनेच हात करून रुमाल मागितला, तोंड पुसलं आणि नळीकडे बोट दाखवलं. काढा.

दुसऱ्या सकाळी ती धुलाईघरात गेली. घडीवाली खुर्चीतून उठली, पण किल्ल्यांवर हात ठेवून. "आलात? बरं झालं. पण इथे बोलणार कशा हो तुम्ही? एवढ्या आवाजात?" बाईने दोरीवरचे दोन लाकडी चिमटे काढले आणि एकावर एक आपटले. टक्-टक्. वाफ, यंत्रं, पाण्याचा खळखळाट, सगळ्याच्या वरून तो आवाज गेला. पोरींच्या माना वर झाल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "इस्त्री आली गं!" आणि घडीवालीने किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या.

सुट्टी झाल्यावर बाई घरी न जाता मत्स्यालयात गेली. सून टाकी आवरत होती. पिल्लं वेगळ्या टाकीत हलवलेली. पाचोळी एकटीच तळाशी, आणि तिची पाठ सपाट, गुळगुळीत, जणू तिथे कधी काही नव्हतंच अशी. पाण्यावर काहीतरी तरंगत होतं, धुक्यासारखं पातळ.

"कात टाकलीय तिने," सून म्हणाली. "पाठीची जुनी कातडी. आत नवी आलीय." ती जाळीने ते उचलून टाकून देणार, तोच बाईने हात पुढे केला.

बाईने ती ओली कातडी तळहातावर पसरली. त्यावर अजून खळग्यांच्या बारीक खुणा होत्या, उघडलेल्या आणि बंदच राहिलेल्या, सगळ्या एकसारख्या. तिने ती उजेडाकडे धरून पाहिली, प्रत्येक चादर धरते तशी. सुरकुती काढली. मग दोन बोटांनी कड धरून ती दुमडली, पुन्हा दुमडली, आणि ती एवढीशी घडी सुनेच्या हातावर ठेवली.

कोपऱ्याला कोपरा बरोब्बर लागला होता.